बेबीनंदाचं पान

"हिट म्हणजे कोणीतरी आपलं पान उघडलं," रामकिसन सरांनी फळ्यावर खडूनं रेघ ओढली. "एकदा उघडलं, एक हिट. दुसऱ्यांदा उघडलं, दुसरी. पानाच्या खाली काउंटर असतो, तो मोजतो. लिहा, झुंबरबाई."

झुंबरबाई लिहीतच होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, जीभ दातात, आणि अक्षर तर असं की प्रत्येकाला वेगळं ताट वाढल्यासारखं. पन्नाशीच्या या बाईंचा बचत गट होता, कुरडया-पापड-शेवयांचा. जालन्याच्या मेळाव्यात कुणी साहेब बोलून गेले की बायांनो, आता इंटरनेटवर माल विका, आणि बाकीच्या बाया टाळ्या वाजवून घरी गेल्या. झुंबरबाईंनी मात्र ते मनावर घेतलं.

"सर, येक इचारू का?"

"विचारा की."

"मंग आपनच आपलं पान उघाडलं, तर आपलीबी हिट धरत्यात का वो?"

शेजारी बसलेले इस्माईलभाई खो खो हसले. हायवेवर त्यांचं टायरचं दुकान. वेळ जात नाही म्हणून क्लासला येतो असं सांगायचे, पण वही रोज आणायचे. "क्या बाई! आपल्याच दुकानात आपणच गिऱ्हाईक बनून जायचं, अन् आपणच मोजायचं का?"

झुंबरबाईही पदर तोंडाला लावून हसल्या. सर हसले नाहीत. फळ्याकडे तोंड करून ते तसेच उभे राहिले. नंतर खडू डबीत ठेवला आणि म्हणाले, "बघून सांगतो. आज इथंच थांबू."

बावीस वर्षांत गोदावरी टायपिंग इन्स्टिट्यूट वेळेआधी सुटण्याची ही पहिलीच खेप. मागच्या टेबलावर सरांची मुलगी बेबीनंदा लाल पेन्सिलीनं टायपिंगचे कागद तपासत होती. तिची पेन्सिल थोडी थांबली, मग परत चालू लागली.

आता एका साध्या प्रश्नानं माणूस एवढा का गारठावा, हे कळायचं तर थोडं मागे जायला हवं.

वडीगोद्रीत हायवेला लागून सरांची ही इन्स्टिट्यूट, मागं राहायचं घर. नऊ मशिनं. एक काळ असा होता की सकाळी सहाच्या बॅचला पोरं बाहेर ओट्यावर ताटकळत बसायची आणि नऊ मशिनांचा खडखडाट रस्त्यावरच्या ट्रकला भारी पडायचा. पुढं जो तो कॉम्प्युटर कॉम्प्युटर करू लागला आणि मशिनांवर कापडी कव्हरं पडली ती पडलीच. दुसरा कुणी असता तर नशिबाला बोल लावत बसला असता. सर चोपन्नाव्या वर्षी जालन्याला गेले, पाच दिवसांच्या शिबिरात पोराटोरांच्या मांडीला मांडी लावून बसले, आणि 'इंटरनेट व वेब मार्केटिंग : तोंडओळख' नावाची दोनशे पानी वही भरून घेऊन आले. एक कॉम्प्युटर आणला, फोनची लाइन घेतली.

त्या वहीत त्यांनी एकेका इंग्रजी शब्दाला गावात घर मिळवून दिलं होतं. वेबसाइट म्हणजे दुकान. डोमेन म्हणजे दुकानावरची पाटी. होस्टिंग म्हणजे दुकानाची जागा. आणि फुकटचं होस्टिंग म्हणजे दुसऱ्याच्या ओट्यावर मांडलेलं दुकान, तो म्हणेल त्याची जाहिरात आपल्या डोक्यावर. सर्च इंजिन म्हणजे गावचा कोतवाल, कुणाचं घर कुठं हे त्याला पाठ. कीवर्ड म्हणजे कोतवालाला सांगायची खूण. लिंक म्हणजे या वावरातून त्या वावरात जायची पांदण. शिकवताना माणूस असा खुलायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, इंटरनेटचा शोध शेजारच्या शहागडच्या पुलाखालीच लागला असणार.

बेबीनंदा त्यांची एकुलती एक. आई ती लहान असतानाच गेली. पोरगी टायपिंगला इतकी पक्की की डोळे मिटून मिनिटाला पन्नास शब्द. पण दहावीत तिच्या मानेवर, डाव्या कानाच्या खाली, रुपयाएवढा पांढरा डाग उठला आणि विशीपर्यंत तो खांद्यापर्यंत उतरला. कोड. आपल्याकडे या दोन अक्षरांपुढं शिक्षण, स्वभाव, स्वयंपाक सगळं हात टेकतं. अकरा ठिकाणचे लोक तिला बघायला आले. अकराही जणांनी पोहे खाल्ले, चहा घेतला, आणि 'कळवतो' म्हणून गेले ते गेलेच. बेबीनंदा एकोणतीस वर्षांची झाली.

मग सरांच्या डोक्यात ते आलं. अहो, वहीत तर लिहिलंच होतं: ज्या मालाला गावात उठाव नाही, त्याला जगात कुठंतरी गिऱ्हाईक असतंच, फक्त त्याच्यापर्यंत पोचता आलं पाहिजे. पोरीला माल म्हणायला जीभ रेटली नसती त्यांची, पण बापाचं मन कुठून कसं चालेल याचा काही नेम नाही. दोन हजार दोन सालची अक्षय्य तृतीया धरून त्यांनी फुकटच्या ओट्यावर बेबीनंदाचं पान मांडलं. जन्मवेळ, उंची, शिक्षण, मामाचं कूळ. अंबडच्या स्टुडिओतला फोटो, उजव्या बाजूनं काढलेला. खाली काळ्या पट्टीवर हिरव्या आकड्यांचा काउंटर.

"अण्णा, कोडाचं लिवा की खाली," ती म्हणाली होती.

"जाहिरातीत उणं कोण लिवतं का, बेबी? येऊ दे तर खरं कोणी. मंग सांगू."

त्या दिवसापासून सरांचा नेम ठरला. सकाळी मशिनांवरची धूळ पुसायची, उदबत्ती लावायची, फोन जोडायचा आणि लेकीचं पान उघडायचं. संध्याकाळी दिवा लावून झाला की पुन्हा एकदा. वडीगोद्रीची ती लाइन म्हणजे दमेकरी म्हातारी! काउंटर आणि अक्षरं लगेच यायची, पण फोटो वरून खाली इंच इंच उतरायचा. आधी भांग, मग कपाळ, मग डोळे. आणि हनुवटीच्या खाली, नेमका मानेशी येऊन अडायचा. लेकीचं अर्धं तोंड बघून उठणं सरांना अशुभ वाटायचं. अर्धा चेहरा बघून का कुणी दिवसाला सुरुवात करतं? मग ते पान बंद करायचे, पहिल्यापासून उघडायचे. परत अडलं तर परत. गळ्यातल्या मण्यांपर्यंत सगळा फोटो आला की हात जोडून उठायचे; ध्यान सगळं फोटोवर, आकडा बघायचे तो उठताना एकदाच.

आणि आकडा रोज चढत होता. कधी तीन, कधी चार. वीज नसली तर नाही.

"आज चार वाढले," जेवताना सर सांगायचे आणि एक भाकरी जास्त खायचे. सुरुवातीला त्यांना थोडी लाजही वाटली, परके पुरुष आपल्या पोरीचा फोटो बघतात म्हणून. पुढं लाज गेली आणि अभिमान आला. कुणाचं पत्र नाही, ई-मेल नाही, फोन नाही. तरी बघणारे तर होते. वहीत हेही लिहिलं होतं की आधी बघणारे येतात, विचारणारे मागून येतात.

दसरा झाल्यावर इस्माईलभाईंनी एक स्थळ आणलं. अंकुशनगरला साखर कारखान्यात फिटर असलेला बद्रीनाथ. छत्तीस वर्षांचा, बायको बाळंतपणात गेलेली, मूलही राहिलं नाही. इस्माईलभाईंच्या दुकानी टायर घ्यायला यायचा, तिथली ओळख.

"सर, आदमी एकदम सीधा. मी त्याला सगळं सांगितलंय, मानेचं बी. तरी येतो म्हणला," इस्माईलभाई म्हणाले.

बद्रीनाथ आला तो एकटाच. ना काका, ना मामा, ना गाडीभर माणसं. बेबीनंदा चहा घेऊन आली आणि कप ठेवताना तिनं आपण होऊन मानेवरचा पदर मागे घेतला.

"दिसलं मला," तो म्हणाला. "माझ्याबी हातावर वाफेनं भाजलेलं हाय. हे बघा." शर्टाची बाही वर करून त्यानं कोपरापर्यंतचा चट्टा दाखवला आणि बाही परत खाली केली. विषय संपला. मग तिसऱ्या मशिनकडं बघत विचारलं, "ह्याची कळ अडकून राह्यली वाटतं?"

"दोन वर्सं झाली. 'र' दाबला की वर येतच न्हाई," बेबीनंदा म्हणाली.

त्यानं खिशातला बारका पेचकस काढला, शिलाई मशिनचं तेल मागितलं आणि पाच मिनिटांत ती कळ मोकळी केली. तिनं उभ्या उभ्याच 'र' दाबून बघितला. एकदा, दोनदा, सात-आठदा. जाताना स्वतःचा कप त्यानं स्वतः उचलून मोरीत नेऊन ठेवला.

तो गेल्यावर ती म्हणाली, "अण्णा, हे बरे हायेत."

एकोणतीस वर्षांत पोरीनं एवढंच मागितलं, तेही न मागता. आणि सर? सर आत गेले, फोन जोडला, आकडा बघितला. तीनशे शहाऐंशी.

आठ दिवसांनी बद्रीनाथ उत्तराला आला, तेव्हा सर त्याला म्हणाले, "तुम्ही माणूस चांगले आहात, त्यात वादच न्हाई. पर बद्रीनाथराव, चारशे अकरा जणांनी पोरीला बघून घेतलंय. इंटरनेटवर. आता त्यातून काय निघतंय ते बघायला नको का? तुमचं हे दुसरं लगीन, पोरीचं पयलं. जरा थांबा."

"किती थांबू?"

"पाचशे होऊ द्या."

बद्रीनाथनं 'बरं' म्हटलं. पाचशे झाले, सहाशे झाले, सरांनी निरोप काही धाडला नाही. माघात इस्माईलभाईंनी येऊन सांगितलं की बद्रीनाथचं लग्न झालं, घनसावंगीकडची मुलगी. "मी बोल्लो होतो सर, जल्दी करा," एवढंच म्हणाले आणि आपल्या टायरांकडे निघून गेले. बेबीनंदा त्या दिवशी तिसऱ्या मशिनवर बसून कुणाचा तरी अर्ज टाइप करत होती. तिनं तो पुरा केला, एकही चूक न करता.

सरांच्या घशाखाली मात्र घास उतरेना. पण आकडा चढतच होता, आणि त्याच आकड्याला धरून ते उभे होते. आपण पोरीचं वाटोळं केलेलं नाही, बघणारे आहेत, येतील. कुणी विचारो न विचारो, स्वतःला ते हेच सांगत राहिले.

आणि आता, वैशाखात, झुंबरबाईंनी तो प्रश्न विचारला होता. उत्तर सरांच्याच वहीत, सरांच्याच अक्षरात होतं. दुसऱ्यांदा उघडलं, दुसरी हिट. वर्षभर त्यांनी ते चार बॅचना शिकवलं होतं. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

त्या संध्याकाळी त्यांनी पान उघडलं नाही. सकाळी बघितलेला आकडा लक्षात होता: एक हजार सत्तावीस. मनाशी ठरवलं, आठ दिवस हात लावायचा नाही. नवव्या दिवशी बघायचं. एक हजार अठ्ठावीस दिसले, तर ती एक आपली आणि बाकी सगळा भोपळा. जास्त दिसले, तर देव आहे.

कसले ते आठ दिवस! उदबत्ती लावायची आणि कॉम्प्युटरकडे पाठ करून बसायचं. दोनदा फोनच्या तारेपर्यंत हात गेला. दाढी करताना गाल कापला. क्लासला 'लिंक' आणि 'ई-मेल' परत शिकवलं. झुंबरबाईंनी "सर, माझं उत्तर?" म्हणून विचारलं, तर "सांगतो ना" म्हणून खेकसले. बाईंनी वहीत तेवढी जागा मोकळी सोडली.

नवव्या दिवशी सकाळी त्यांनी पान उघडलं. पहिल्यांदा हिरवे आकडे आले. एक हजार छत्तीस. सरांनी चष्मा पुसून परत वाचला. फोटोही त्या दिवशी एका दमात खालपर्यंत आला.

"बेबी! ए बेबी! इकडं ये आधी!"

ती केरसुणी घेऊन दारात आली.

"एक हजार छत्तीस! आठ दिस मी हात लावला न्हाई. आजची एक माझी, मान्य. मंग हे आठ कोण? सांग बरं, कोण हे आठ?" सरांचे डोळे भरून आले होते. "झुंबरबाईच्या इचारण्यानं जीव टांगणीला लागला होता गं माझा. म्हणलं, आपणच आपलं मोजत बसलो की काय येड्यावानी. पर न्हाई! हायेत लोक. बघून राह्यलेत. मंग बद्रीनाथला थांबवलं त्यात माझं काय चुकलं? काहीच न्हाई चुकलं. बराबर केलं मी."

एवढं ते बोलले नसते तर ती गप्प राहिली असती. आयुष्यभर गप्प राहिली असती, तशीच पोरगी ती. पण 'बराबर केलं' तिच्यानं गिळवेना. तिनं केरसुणी भिंतीला टेकवली.

"अण्णा, ते आठ मीच हाय."

"म्हंजे?"

"तुमी दुपारी जेवाया गेले की मी येकदा उघडते. माघापासून. त्यांचं लगीन झालं तवापासून रोज."

"कशापायी?"

"तुमी जेवत नव्हते. आकडा वाढला की जेवता."

सर परत त्या हिरव्या आकड्यांकडे वळले. बाहेर उसाची रिकामी ट्रॉली खडखडत गेली.

"अन् त्याच्या आधीचे?" सरांचा आवाज पार खाली गेला होता. "ते चारशे अकरा?"

"ते तुमी."

"सगळे?"

"दुसरं कोण हाय, अण्णा?" ती चिडली नव्हती, तेच वाईट होतं. "मलाबी आधी ठाऊक न्हवतं. मलाबी वाटायचं, चारशे जण बघत्यात, येखादा तरी निघंल. माघात पयल्यांदा उघडून बघितलं अन् फोटो अडकला म्हनून परत उघडलं, तवा माझ्या डोळ्यादेखत आकडा येकानं हालला. मंग कळलं." तिनं पदरानं हात पुसले. "हे बरे हायेत असं मी येकदाच म्हनले. दुसऱ्यांदा म्हनायला पायजे होतं. माझंबी चुकलंच."

ज्या पोरीला जगानं बघावं म्हणून एवढा आटापिटा केला, तिला वर्षभरात दोघांनीच बघितलं होतं, एक तिचा बाप आणि एक ती स्वतः. आणि जो एक माणूस खराखुरा दारात येऊन, मान बघून, चहा पिऊन, मशिन दुरुस्त करून गेला, त्याला त्यांनी आपल्याच नजरा मोजून दाखवल्या होत्या. त्यांना रडू फुटलं. बेबीनंदा पाणी घेऊन आली, तांब्या जवळ ठेवला आणि राहिलेला केर काढू लागली.

दुपारी सर वही घेऊन बसले. लेकीचं ते पान इंटरनेटवरून काढून टाकायचं होतं. दोनशे पानं पालथी घातली. दुकान कसं मांडायचं, पाटी कशी लावायची, कोतवालाला खूण कशी सांगायची, सगळं होतं. मांडलेलं उचलायचं कसं, हे शिबिरात कुणी शिकवलंच नव्हतं.

"ऱ्हाऊ द्या आता, तसंबी कोण बघतंय," बेबीनंदा म्हणाली. तिनं मशिनांसाठी शिवलेल्या कव्हरांपैकी एक जास्तीचं होतं, ते कॉम्प्युटरवर घातलं. थोडं आखूड पडलं.

संध्याकाळी क्लास भरला. झुंबरबाई आल्या, इस्माईलभाई आले. सर फळ्यापाशी उभे राहिले. पांढरीफटक पडलेली मुद्रा बघून इस्माईलभाईंनी "तब्येत बराबर न्हाई का?" विचारलं. सरांनी मान हलवली.

"झुंबरबाई, तुमचं उत्तर राहिलं होतं. लिहा. आपलं पान आपण उघडलं, तर आपलीही हिट धरली जाते."

"धरत्यात का! बगा, मला वाटलंच," बाई खूष होऊन लिहू लागल्या. "लिवलं, सर. म्होरं?"

सरांनी वहीचं पान उलटलं. पुढचा शब्द कन्व्हर्जन. त्याची व्याख्या त्यांनी लाल शाईनं लिहून दोनदा अधोरेखित केलेली होती. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. झुंबरबाई पेन धरून वाट बघत राहिल्या.

मागच्या बाजूला तिसऱ्या मशिनवर बेबीनंदा रिबीन बदलत होती. बोटं काळी झाली होती. मान वर न करता ती बोलू लागली. चार बॅच ऐकून तिला सगळं पाठच होतं.

"कन्व्हर्जन. बघणाऱ्यांपैकी घेणारे किती, त्याला कन्व्हर्जन म्हणतात. शंभर जण बघतील, दहा विचारतील, एक घेईल."

झुंबरबाईंनी सगळं लिहून घेतलं, टिंब दिलं. मग चष्म्यावरून मागे बघितलं.

"आन पोरी, येकानंबी न्हाई घेतलं तर?"

"तर शून्य लिवायचं, मावशी," बेबीनंदानं रिबिनीचं दुसरं टोक अडकवलं आणि मशिन चालतं का ते बघायला एक कळ दाबली. 'र' उमटला आणि कळ लगेच वर आली.

झुंबरबाईंनी वहीत शून्य काढलं.